हेडफोनसाठी खिशातला ॲम्प्लिफायर

किटच्या पाकिटातले सुटे भाग पट्टीवर डाखावेत, बॅटरी लावावी आणि कानात गाणे सुरू व्हावे, यात मौज आहे खरी. पण कोणता भाग कुठे बसवायचा एवढेच समजले आणि का बसवायचा ते समजले नाही, तर मौज एका दिवसात संपते. म्हणून आज आपण प्रत्येक भागाला त्याचे काम विचारीत पुढे जाऊ. निवडलेले मंडल जगभरच्या नवशिक्यांच्या आवडीचे आहे. चू मॉय या हौशी माणसाने ते प्रसिद्ध केले, म्हणून त्याला ‘सीमॉय’ म्हणतात. पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत ते मावते.

आधी प्रश्न असा, की ॲम्प्लिफायर हवाच कशाला? समजा, एका साध्या प्रीॲम्प्लिफायरमधून १ व्होल्टचा संदेश मिळतो, पण त्याचा अंतर्गत रोध १००० ओहम आहे. त्याला ३२ ओहमचा हेडफोन जोडला. एकूण रोध १०३२ ओहम झाला आणि हेडफोनच्या वाट्याला ३२/१०३२, म्हणजे जेमतेम ०.०३ व्होल्ट आला! बाकीचा सारा आतच खर्च झाला. प्रीॲम्प्लिफायरचे काम विभव वाढवण्याचे, पण भार ओढायची ताकद त्याच्यात नसते. आपले मंडल दोन्ही करते. विभव थोडा वाढवते आणि लागेल तेवढी धारा पुरवते. (शिक्षकांनी हे गणित ओहमच्या नियमाच्या तासाला जरूर घ्यावे.)

मंडलाचे हृदय म्हणजे आठ पायांची ‘ओपीए २१३४’ ही आय.सी. तिच्यात दोन वर्धक असतात, एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्या. तिला धन, ऋण आणि मधला शून्य असे तीन विभव हवेत, आणि आपल्याजवळ तर ९ व्होल्टची एकच बॅटरी. यावर तोड सोपी आहे. ४.७ किलोओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. त्यांच्या सांध्यावर नेमका अर्धा, ४.५ व्होल्ट मिळतो. या सांध्यालाच आपण शून्य म्हणायचे, म्हणजे एक टोक +४.५ आणि दुसरे –४.५ झाले. या मानलेल्या शून्याला ‘आभासी भूमी’ म्हणतात. पण ढोलाचा एक ठोका पडला की हेडफोन एकदम जास्त धारा मागतो, आणि ४.७ किलोओहममधून ती येणार कशी? म्हणून प्रत्येक रोधाला समांतर २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. तो पाण्याच्या टाकीसारखा साठा करून ठेवतो आणि गरजेला देतो. या कंडेन्सरना धन-ऋण टोके असतात. उलटे बसवले तर ते तापतात, फुगतात, क्वचित फुटतातही. डाखण्यापूर्वी अंगावरची ऋण पट्टी दोनदा पाहा.

आता वर्धन. ते दोन रोधांवर ठरते: १ + (४.७ ÷ २.२), म्हणजे सुमारे ३.१ पट. काही किटांमध्ये १० आणि १ किलोओहम देतात, तेव्हा वर्धन ११ पट होते. जास्त म्हणजे चांगले असे वाटेल, पण हिशेब करा. १ व्होल्टचा संदेश ११ पट करायचा तर ११ व्होल्ट हवेत. ९ व्होल्टची बॅटरी ते कोठून देणार? लाटांचे शेंडे छाटले जातात आणि गाणे फाटल्यासारखे ऐकू येते. माझे मत, मोबाइलसाठी ३ पट पुष्कळ.

भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतात. दुकानदार कदाचित स्वस्त ‘५५३२’ ही आय.सी. सुचवील. पाय तेच, पण एक अडचण आहे. तिच्या प्रवेशाला सुमारे ०.२ मायक्रोॲम्पिअर धारा लागते. ती १०० किलोओहमच्या रोधातून गेली की ०.०२ व्होल्ट तयार होतो आणि तो तिप्पट होऊन हेडफोनवर जातो. ‘२१३४’ची प्रवेशधारा नगण्य असते. नवशिक्याने तिलाच धरून राहावे.

डाखताना आय.सी.चे सॉकेटच डाखा, आय.सी. शेवटी बसवा. खाचेची दिशा जुळवा. डाग चकचकीत आणि पसरट हवा. गोळ्यासारखा मंद दिसला तर पुन्हा तापवा. बॅटरीशी दिवा जोडायचा असेल तर लाल एलईडीसोबत ६.८ किलोओहमचा रोध घाला, म्हणजे सुमारे १ मिलिॲम्पिअरच जाईल.

बॅटरी लावली की लगेच हेडफोन घालू नका! मल्टिमीटर एकदिश मिलिव्होल्टवर ठेवून आभासी भूमी आणि प्रत्येक निर्गम टोक यांच्यातला विभव मोजा. तो काही मिलिव्होल्टच असावा. २० पेक्षा जास्त आला तर कोठेतरी चूक आहे. ती सापडेपर्यंत हेडफोन दूरच राहू द्या. पहिल्यांदा ऐकताना बटण पूर्ण खाली ठेवून हळूहळू वाढवा. हे यंत्र कानाला इजा करण्याइतका आवाज सहज काढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, आणि मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. कानाच्या आतील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

पत्र्याची डबी वापरली तर बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला लागू देऊ नका. हेडफोनच्या खोबणीमुळे पत्रा आभासी भूमीशी जोडलेला असतो. ते चिकटले तर शून्य आणि ऋण एक होतात आणि हेडफोनमध्ये एकदिश धारा शिरते. याच कारणाने संगणकाशी जोडून त्याच्याच यूएसबीवर हे मंडल चालवू नये. बॅटरी स्वतंत्र बरी.

सगळे नीट चालू लागले की हा प्रयोग करा. प्रवेशाच्या ०.१ मायक्रोफॅरड कंडेन्सर आणि १०० किलोओहम रोधामुळे १६ हर्ट्झच्या खालचे कंप अडतात. बॅटरी काढून फक्त डाव्या बाजूला ०.०१ मायक्रोफॅरड लावा. आता ही सीमा १६० हर्ट्झवर जाईल. तबल्याचे ध्वनिमुद्रण लावून डावा-उजवा कान ताडून पाहा, आणि डग्ग्याचा घुमारा कोणत्या कानात बारीक झाला ते वहीत लिहा.