फुकटच्या शनिवारचा खर्च कोण करतो?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी, चार कामगार. गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करतो. भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो शनिवारी अधूनमधून स्टार्टअपवाल्यांच्या ‘मीटअप’ला जातो. परवा मलाही ओढून घेऊन गेला. कॉलेजचा हॉल, प्रवेश फुकट, चहा-सँडविच फुकट. बोलायला आलेले गृहस्थ स्वतः कंपनी उभी करून विकलेले, तेही एक पैसा न घेता पोरांच्या घोळक्यात दोन तास उभे होते. हे सगळं कोणाला परवडतं आणि का? दुसरं म्हणजे, मला संगणकातलं काही कळत नाही. माझ्यासारख्यानं तिथं जाऊन काही उपयोग आहे का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुम्ही व्यवसाय करता म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडला. आधी हिशेबच पाहू. हॉल कॉलेजचा असतो आणि शनिवारी तो एरवी रिकामाच असतो. कंपन्या चालवणारी माणसं आवारात आली की विद्यार्थ्यांच्या ओळखी होतात, इंटर्नशिपची सोय होते. कॉलेजला तेवढं पुरतं. चहा-सँडविचचं बिल बहुधा एखादी कंपनी भरते. त्या कंपनीला माणसं हवी असतात. भरती करून देणाऱ्या एजन्सीला एका प्रोग्रॅमरमागे महिनाभराचा पगार किंवा त्याहून जास्त मोजावा लागतो. शंभर जणांच्या चहाला त्याच्यापुढे काहीच लागत नाही. शिवाय हॉलमध्ये दोन तास बसलं की कोण नुसतं बोलतं आणि कोणाला खरंच काम येतं, हेही कळतं. काही वेळा पुढे येतात त्या भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या मोठ्या कंपन्या. त्या नव्या स्टार्टअपना पहिले काही महिने सर्व्हर फुकट वापरू देतात. एकदा सगळी प्रणाली त्यांच्या यंत्रांवर बसली की ती दुसरीकडे हलवणं जिकिरीचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

व्यासपीठावरच्या गृहस्थांचाही यात फायदा असतो. ज्यानं कंपनी विकली, तो पुढे बहुतेकदा दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घालू लागतो. पैसे घालायच्या आधी त्याला त्या माणसाला वर्षभर पाहायचं असतं. मार्चमध्ये जो म्हणाला ‘मी अमुक करणार आहे’, त्यानं ऑगस्टपर्यंत काय केलं? कुठल्याही अहवालापेक्षा हे समोरासमोरच्या भेटीत नीट दिसतं. तरीही मला वाटतं, निम्म्या माणसांचं येणं या हिशेबात बसत नाही. ती सुरुवातीला चाचपडत असताना कोणीतरी त्यांच्यासाठी असाच वेळ दिलेला असतो. पुण्यातली ही मंडळी इतकी वर्षं टिकली ती या दुसऱ्या कारणामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. प्रायोजक बदलत राहतात; खुर्च्या लावणारी माणसं तीच असतात.

पुण्याला जमून ऐकायची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला दीड शतकानंतरही चालू आहे. पण शनिवारच्या या बैठकांची घडण वेगळी. पुण्यात २००६ मध्ये ‘बारकॅम्प’ नावाचा प्रकार आला. आदल्या वर्षी अमेरिकेत पालो आल्टो इथं त्याचा जन्म झाला होता. त्यात वक्ते आधी ठरलेले नसतात. सकाळी भिंतीवर एक कोरा तक्ता लावतात आणि ज्याला जे सांगायचं असेल ते त्यानं तिथं लिहायचं. नुसतं बघायला यायचं नाही, प्रत्येकानं काहीतरी घेऊन यायचं, हा त्याचा मूळ नियम. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेनं अशा मेळाव्यांना वर्षानुवर्षं जागा दिली. पुणे लिनक्स यूझर्स ग्रुपच्या साथीनं होणारं ‘ग्नूनिफाय’ हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलनही तिथंच भरत असे. पायथन या संगणकभाषेची राष्ट्रीय परिषद २०११ मध्ये सेनापती बापट रस्त्यावर झाली. ‘पुणे ओपन कॉफी क्लब’ २००८ चा. ही कल्पना आदल्या वर्षी लंडनमध्ये निघाली होती आणि अगदी साधी होती : ठरलेली वेळ, ठरलेली जागा, अजेंडा नाही, सभासद फी नाही. एकट्यानं खोलीत बसून कंपनी काढणाऱ्याला आपल्यासारखे आणखी लोक शहरात आहेत, हे पहिल्यांदा अशा ठिकाणी कळलं.

अशा बैठकीत पैसा मिळत नाही. ‘गुंतवणूकदार भेटतील’ या आशेनं जाणारा दोन-तीनदा जातो आणि निराश होऊन थांबतो. मिळतात ती माणसं : पहिला गिऱ्हाईक, भागीदार, त्याच खड्ड्यात आधी पडून बाहेर आलेला कोणी, आणि तुमच्या बाबतीत काम देणारा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खरं सांगायचं तर मला त्यातच जास्त रस आहे. ‘मला संगणकातलं कळत नाही’ असं म्हणून तुम्ही स्वतःला बाहेर ठेवता आहात, पण त्या हॉलमध्ये तुमचीच गरज आहे. सॉफ्टवेअरवाल्याला लॅपटॉप पुरतो. पण शेतातली ओल मोजणारं यंत्र, रुग्णालयातलं उपकरण, ड्रोनचा सांगाडा, बॅटरीची पेटी असलं काही जो करतो, त्याला पहिला नमुना धातूत किंवा प्लास्टिकात बनवून घ्यावा लागतो. तो पाच नग मागतो. पाच हजार नगांचं काम करणारा कारखाना त्याला दारात उभा करत नाही. थ्रीडी प्रिंटरवर आकार कळतो, पण ताकद कळत नाही. त्याच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स अशी दिलेली असते की भागाची किंमत उगाच तिप्पट व्हावी. आणि ‘इथं एवढी फाइन टॉलरन्स कशाला, इथं दोन बोल्ट टाका, हा कोपरा गोल करा म्हणजे टूल सहज जाईल’ असं सांगणारा कोणी त्याच्या ओळखीचा नसतो. तुम्हाला हे पाच मिनिटांत दिसतं. त्याचे मात्र त्यापायी तीन-तीन महिने जातात.

संगणकाच्या धंद्यातही पुण्याचं एक मोठं नाव दुरुस्तीच्या टेबलावरूनच वर आलं. क्विक हीलचे कैलाश काटकर मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे. दहावीनंतर त्यांनी रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली आणि पुढे स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसचा त्रास वारंवार दिसू लागला. धाकट्या भावानं, संजय काटकरांनी, त्यावरचं सॉफ्टवेअर लिहिलं. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. अडचण आधी दिसते ती हातानं काम करणाऱ्याला.

नाशिकचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याच्या आदल्या वर्षापासून नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ नावाची शिबिरं भरू लागली. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर त्यात पुढे होते. तरुणांनी शहराच्या खऱ्या अडचणी घ्यायच्या आणि त्यावर काहीतरी करून दाखवायचं, अशी ती योजना. गर्दी, निवास, आरोग्य, वाहतूक असे विषय होते. त्यातून निघालेली एक वस्तू म्हणजे पावलांच्या दाबावरून माणसं मोजणारी पट्टी. ती वाटेत अंथरायची, म्हणजे किती लोक पुढे गेले ते नियंत्रण कक्षाला त्याच क्षणी कळतं. नाशिकच्याच विद्यार्थ्यांनी ती बनवली आणि मेळ्यात वापरलीही गेली. पुढे टाटा कन्सल्टन्सीचं ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ नाशिकमध्ये उभं राहिलं, त्यामागेही याच शिबिरांचा अनुभव होता. आता २०२७ चा सिंहस्थ आहे. शहराची अडचण समोर ठेवून माणसं जमवली की काय होतं, हे तिथं दिसलं. नुसतं ‘काहीतरी नवीन करा’ म्हणून भरवलेली हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून प्रोग्रॅम लिहिण्याची स्पर्धा, मला म्हणूनच पोकळ वाटते.

मीटअपमध्ये पैसा नाही म्हणालो; तो असतो अर्जाच्या रांगेत. तुम्हाला त्याची माहिती हवी, कारण त्यातला काही भाग तुमच्यासारख्यांच्या बिलात येऊ शकतो. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची ‘निधी-प्रयास’ योजना प्रत्यक्ष वस्तूचा नमुना बनवायला १० लाख रुपयांपर्यंत देते. नमुना म्हटलं की कच्चा माल आणि मशीनिंग आलंच. वैद्यकीय आणि जैवतंत्रज्ञानाच्या कल्पनांना ‘बायरॅक’चं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं. ही रक्कम इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्रांमार्फत येते. पुण्यात अशी केंद्रं म्हणजे पाषाण रस्त्यावर एनसीएलच्या आवारात २००७ पासून चालणारं व्हेंचर सेंटर, सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातलं भाऊ इन्स्टिट्यूट, पुणे विद्यापीठातलं सायन्स अँड टेक्नॉलॉजी पार्क, आणि तुमच्या जवळचं म्हणजे चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधलं इन्क्युबेशन केंद्र. संभाजीनगरला ‘मॅजिक’ आहे. गोव्यात वेर्ण्याला ‘सीबा’ आणि फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘फायर’ आहे. या प्रत्येक ठिकाणी नमुना बनवणाऱ्यांच्या शोधात असलेले तरुण बसलेले असतात. तुमचं कार्ड आणि तुमच्या यंत्रांची यादी तिथल्या व्यवस्थापकाकडे देऊन या. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटी २०१८ पासून ‘स्टार्टअप वीक’ भरवते. त्यात निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी खात्यांकडून प्रत्यक्ष काम मिळतं. मला ही योजना अनुदानापेक्षा मोलाची वाटते, कारण त्यात सरकार गिऱ्हाईक होतं.

तुमच्या स्वतःच्या डोक्यात एखादं नवीन यंत्र असेल तर स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता घेता येते. ती फुकट आहे. मात्र एकल मालकीच्या धंद्याला ती मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी चालते. चालू धंदा फोडून किंवा त्याचीच नव्यानं मांडणी करून काढलेली कंपनीही चालत नाही. आधी चांगल्या सीएला विचारा. यंत्र स्वतः जुळवून पाहायचं असेल तर पाबळचा विज्ञान आश्रम एकदा बघून या. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या त्या आश्रमात २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. खेड्यातल्या मुलांच्या हातात लेझर कटर देणारी ती जागा आहे.

काही गोष्टी सांभाळा. स्टार्टअपकडे पैसा नसतो किंवा अचानक संपतो, म्हणून पहिल्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि संकोच करू नका. उद्यम नोंदणी केली नसेल तर करून टाका. एमएसएमई कायदा २००६ नुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे तुमचं बिल थकवता येत नाही, आणि करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. ‘बिलाऐवजी कंपनीत हिस्सा देतो’ असं कोणी म्हणालं, तर निदान कच्च्या मालाचा खर्च रोख घ्या. त्यांच्या ड्रॉइंगचा फोटो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवू नका. या वर्तुळात विश्वास एकदा गेला की सगळीकडून जातो. भाच्यालाही सांगा : हॅकेथॉनचे नियम वाचल्याशिवाय सही करू नये, कारण तिथं लिहिलेल्या प्रोग्रॅमवर हक्क कोणाचा, हे त्यात लिहिलेलं असतं. आणि पुरस्कार द्यायला किंवा गुंतवणूकदारापुढे उभं करायला जो आधी फी मागतो, त्याच्या कार्यक्रमाला जाऊच नये.

शेवटी एक अडचण, ती बैठका भरवणाऱ्यांनी दूर करायला हवी. भोसरी-पिंपरीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. मीटअप असतात शनिवारी, म्हणजे तुमची यंत्रं चालू असताना. आणि भरतात बाणेर, औंध, सेनापती बापट रस्त्याकडे. त्यामुळे ज्यांनी एकमेकांना भेटायला हवं ते भेटतच नाहीत. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे : महिन्यातली एक बैठक गुरुवारी संध्याकाळी भोसरीत, एखाद्या वर्कशॉपमध्येच घ्या. आणि तुम्हाला विनंती ही की त्यांनी विचारलं तर तुमचं शेड द्या.