पूरविषयक सादरीकरणातील रंगांची एकवाक्यता

भंडारा शहरापलीकडील कारधा येथे वैनगंगेच्या पुलाजवळ मोजली जाणारी पाणीपातळी जिल्ह्यातील पूरस्थितीची सर्वपरिचित खूण असून, तेथे २४५ मीटर ही इशारा पातळी आणि २४५.५० मीटर ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस आलेल्या महापुरात ही धोका पातळी ओलांडली गेली. अशा पुराविषयीच्या स्लाइड्स एकाच हातून क्वचितच तयार होतात. पावसाचा नकाशा एकीकडून, नदीचा आलेख दुसरीकडून येतो, आणि प्रत्येक तुकडा स्वतःचे रंग घेऊन येतो.

येथेच खरी फसगत होते. भारतीय हवामान विभागाच्या हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या श्रेणीत नारिंगी म्हणजे ‘सज्ज राहा’, आणि हा इशारा पावसासारख्या हवामानासाठी असतो. केंद्रीय जल आयोगाच्या पद्धतीत मात्र नदी धोका पातळीला पोहोचली, पण आजवरच्या सर्वोच्च पूरपातळीच्या खाली राहिली, तर ती स्थिती नारिंगी ठरते, आणि लाल रंग सर्वोच्च पातळी गाठल्यावरच येतो. हे निकष कारध्याला लावले तर २४५.५० मीटरची रेघ ओलांडलेली नदी नारिंगीच दिसेल, तर ‘धोका म्हणजे लाल’ असे गृहीत धरणारा प्रेक्षक तिला अजून सुरक्षित समजेल. म्हणून रंगांचा अर्थ सांगणारी सूची पहिल्याच स्लाइडवर न संपवता प्रत्येक नकाशाशेजारी द्यावी, आणि पाऊस व नदी या दोन श्रेणी एका चित्रात मिसळू नयेत.

तांत्रिक बाजूही उपेक्षणीय नाही. पॉवरपॉइंटमधील ‘थीम’मध्ये बारा रंगांचा पूर्वनिश्चित संच असतो. त्यातून रंगवलेला आलेख दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवला की तो तेथील संचाचे रंग धारण करू शकतो, आणि नारिंगी पट्टा कोणाला न कळता निळाही होतो. मथळे व पार्श्वभूमी यांना ही लवचीकता सोयीची असली, तरी इशाऱ्याचे रंग हेक्स कोडने, म्हणजे रंगाची नेमकी छटा ठरवणाऱ्या सहा अक्षरअंकांनी, पक्के करणेच योग्य. चित्ररूपात आलेला नकाशा मात्र थीम बदलूनही बदलत नाही, हे अनेकांच्या फार उशिरा ध्यानात येते.

पिवळ्याचा प्रश्न वेगळाच आहे. मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील गुणोत्तराला कॉन्ट्रास्ट म्हणतात. वाचनीयतेसाठी ते किमान ४.५ असावे असा जागतिक मानदंड आहे, तर पांढऱ्यावरील शुद्ध पिवळ्याचे गुणोत्तर जेमतेम १.०७ भरते, त्यामुळे उजेड असलेल्या सभागृहात प्रोजेक्टरवर पिवळी अक्षरे जवळपास नाहीशी होतात. पिवळा केवळ पट्ट्यात भरावा आणि त्यावर काळी अक्षरे लिहावीत. लाल-हिरव्यात भेद न करू शकणारे प्रेक्षकही असतात, शिवाय त्याच स्लाइड्स ग्रामपंचायतीत कृष्णधवल छापल्या गेल्या तर गडद हिरवा व लाल जवळजवळ सारख्याच करड्या छटेत उतरतात. तेव्हा पट्ट्यावर स्थितीचे नाव आणि मीटरमधील आकडा लिहिलेला असावाच.