सायलेन्सरजवळचा होज पाइप
प्रश्न : ट्रॅक्टरच्या सायलेन्सरजवळचा हायड्रॉलिक होज पाइप दोनदा कडक होऊन तडकला. कोणत्या मापाचं स्लीव्ह घालू?

उत्तर : आधी पाइप सायलेन्सरपासून जमेल तितका दूर बांधा, निम्मं काम तिथंच होतं. साधा हायड्रॉलिक होज साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतो. सिलिकॉनचा लेप असलेलं फायबरग्लासचं स्लीव्ह सतत २६० अंश सोसतं, तेच घ्या. माप पाइपच्या आतल्या भोकाचं नव्हे, बाहेरच्या जाडीचं. पाइपला सुतळीचा एक वेढा द्या, लांबी मोजा, ३.१४ ने भागा. फिटिंग आधीच प्रेस केलेलं असेल तर माप फिटिंगचं धरा, नाहीतर स्लीव्ह चढणारच नाही. टोकं स्टीलच्या क्लिपनं आवळा. प्लास्टिकची पट्टी वितळते. आणि तडकलेला पाइप झाकू नका, बदला. दाबाखालचं गरम तेल अंगात घुसतं.