योग्य हत्यार आणि मोटारसायकलची निगा

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमहून चेन्नईकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुप्पनंदाळ हे गाव आहे. कावेरी आणि तिची उत्तरेकडील शाखा कोळ्ळिडम यांच्या मधल्या सखल प्रदेशात ते वसले असून चारही बाजूंना भातशेती पसरलेली आहे. तंजावरवर एके काळी भोसले घराण्याचे राज्य होते; तेथील सरस्वती महाल ग्रंथालयामुळे मराठी वाचकास हा मुलूख परका वाटत नाही. आज ह्या प्रदेशातील शेतकरी, शिक्षक आणि दुकानदार यांचे नित्याचे वाहन मोटारसायकल हे आहे. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि शेतबांधावरची चिकट माती साखळीत व ब्रेकच्या दांड्यांत जाऊन बसते. सुगीच्या दिवसांत हवेतील धूळ व कोंडा हवा-गाळणीत अडकतो. अशा ठिकाणी गाडीची थोडीबहुत देखभाल मालकास स्वतः करता आली, तर वेळ व पैसा वाचतो आणि अपघातही टळतात. मात्र त्यासाठी हौस पुरेशी नाही. हत्यार योग्य असले पाहिजे आणि ते योग्य का, हेही कळले पाहिजे.

१. आटे म्हणजे काय?

कुंभकोणमजवळच्या नाचियारकोविल येथे पितळी समया तयार होतात. अशी समई एकसंध नसते. तिची बैठक, खांब, तेलाची वाटी आणि माथ्यावरचा भाग हे वेगवेगळे ओतून, त्यांस आटे पाडून, एकमेकांत फिरवून बसवितात. समई उजळण्याच्या वेळी ती सोडविता येते व पुन्हा जोडताही येते. मोटारसायकलमधील बहुतेक जोड ह्याच तत्त्वावर असतात.

आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार होय. ६ मिलिमीटर व्यासाच्या सामान्य मेट्रिक बोल्टच्या लगतच्या दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर असते. म्हणून तो एक पूर्ण फेरा फिरविला की १ मिलिमीटर पुढे सरकतो. हाताला मोठे अंतर फिरावे लागते आणि बोल्ट अगदी थोडा सरकतो. त्या प्रमाणात बल मात्र कित्येक पटींनी वाढते. घट्ट केलेला बोल्ट किंचित ताणला जातो व ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भागांस दाबून धरतो. जोड टिकतो तो ह्या ताणामुळे. ताण कमी पडला तर हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो. जास्त झाला तर बोल्ट तुटतो किंवा आटे जातात.

इंजिनाची झाकणे आणि सिलिंडरचा माथा बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, तर बोल्ट पोलादी असतो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे अतिरेक झाल्यास आधी झाकणातील आटे उखडतात. दहा रुपयांचा बोल्ट घट्ट करण्याच्या नादात इंजिनाचा महागडा भाग निकामी होतो, तो असा.

२. पान्याचे माप

भारतीय रस्त्यांवरील मोटारसायकलींचा इतिहास पाहिला, तर पान्यांची अडचण कोठून आली हे उमजते. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिने ब्रिटिश आराखड्याची ‘बुलेट’ तयार करण्यास आरंभ केला. ब्रिटनमध्ये त्या काळी इंची मापांचे नटबोल्ट प्रचलित होते. त्यांची परंपरा जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सुचविलेल्या प्रमाणापर्यंत मागे जाते. भारताने मात्र १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक पद्धती स्वीकारली. १९८५ साली हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० ह्या जपानी आराखड्याच्या गाड्या आल्या; त्यांचे नटबोल्ट मेट्रिक मापाचे होते. त्यामुळे एकाच अंगणात उभ्या असलेल्या जुन्या व नव्या गाड्यांना एकच पानेसंच पुरेल, असे नाही.

एक उदाहरण घेऊ. व्हिटवर्थ पान्यावर ‘पाव इंच’ असा आकडा असतो. पण तो आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. प्रत्यक्षात त्या पान्याचे तोंड ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर रुंद असते. अशा नटास १३ चा पाना बसतच नाही. १४ चा बसतो, परंतु त्यात सुमारे ०.७ मिलिमीटर फट राहते. हे अंतर क्षुल्लक दिसते. तथापि त्यायोगे पान्याचा सपाट भाग नटाच्या सपाट बाजूवर न टेकता केवळ कोपऱ्यांवर टेकतो. सगळे बल त्या चिंचोळ्या कोपऱ्यांवर एकवटते, कोपरे घासून गोल होतात, आणि मग योग्य पानाही त्यास धरू शकत नाही.

ह्याच कारणासाठी, जेथे जागा असेल तेथे उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना बरा. उघडा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना त्यास सर्व बाजूंनी वेढतो आणि बल सहाही कोपऱ्यांत वाटले जाते. मागेपुढे करता येणारा स्क्रू पाना हा अडचणीच्या वेळचा सोबती होय, रोजच्या कामाचा नव्हे. पक्कडीने नट फिरविणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

फुलीच्या खाचेच्या स्क्रूंतही असाच भेद आहे. जपानी प्रमाणाची खाच आणि सर्वत्र मिळणारी ‘फिलिप्स’ खाच दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांचा आकार किंचित निराळा असतो. फिलिप्सचा स्क्रू-ड्रायव्हर जपानी खाचेत पुरता बसत नाही. जोर लावताच तो वर उचलला जातो आणि खाच कुरतडतो. जपानी प्रमाणाच्या स्क्रूवर पुष्कळदा लहानसा ठिपका असतो, त्यावरून तो ओळखावा. असा स्क्रू अडकून बसला असल्यास आघाती स्क्रू-ड्रायव्हर वापरतात. त्यावर हातोडीचा ठोका मारला की तो खाचेत दाबला जातो व त्याच क्षणी फिरतोही.

३. किती घट्ट करावे?

नट फिरविणारे बल हे हाताचा जोर आणि पान्याची लांबी यांच्या गुणाकाराइतके असते. त्यास टॉर्क म्हणतात. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास ७ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर टॉर्क सुमारे १० न्यूटन-मीटर होतो. ६ मिलिमीटरच्या सामान्य बोल्टास एवढा पुरतो. तोच पाना २० किलोग्रॅम जोराने ओढला, तर टॉर्क सुमारे ३० न्यूटन-मीटर, म्हणजे तिप्पट होतो. सशक्त माणसास हा जोर विशेष जाणवतही नाही. पान्याच्या टोकास नळी अडकवून त्याची लांबी वाढविणे धोक्याचे का, हे ह्यावरून ध्यानात येईल.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बोल्ट घट्ट करताना लावलेल्या शंभर भाग श्रमांपैकी सुमारे पन्नास भाग डोक्याखालच्या घर्षणात व चाळीस भाग आट्यांच्या घर्षणात जातात. बोल्ट ताणण्याच्या कामी अवघे दहा भाग येतात. आट्यांस तेल लागले की घर्षण घटते, आणि तेवढ्याच टॉर्कने ताण पुष्कळ वाढतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे पाहावे आणि त्याप्रमाणे वागावे.

ठरावीक टॉर्क झाला की ‘टक्’ असा आवाज करणारा टॉर्क पाना मिळतो. तो महाग असला, तरी गावातील चारपाच जणांनी मिळून घेतल्यास सर्वांस उपयोगी पडतो. काम संपल्यावर त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा, म्हणजे आतील स्प्रिंग दबून राहत नाही.

४. स्पार्क प्लग: एक धडा

स्पार्क प्लग काढून पुन्हा बसविणे हे नवशिक्यास उत्तम शिक्षण आहे. प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या ॲल्युमिनियममधून प्लग काढल्यास आटे उखडण्याचा संभव असतो. प्लगभोवतीची माती फुंकून वा ब्रशाने झाडावी, नाही तर ती सिलिंडरमध्ये पडेल. त्यानंतर प्लगचाच खास पाना सरळ बसवून तो सोडवावा.

पुन्हा बसविताना पाना आधी लावू नये. प्लग बोटांनी धरून प्रथम उलट दिशेस हलकेच फिरवावा. आट्याचे तोंड आट्यात उतरले की किंचित ‘टिक्’ असे जाणवते. मग तो सुलट दिशेस, बोटांनीच, शेवटपर्यंत फिरवावा. मध्येच अडला तर आटे तिरपे लागले आहेत असे समजून मागे फिरावे. १४ मिलिमीटर आट्यांचा नवा, चकतीचा प्लग बोटांनी पूर्ण बसल्यावर पान्याने आणखी अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. तोच प्लग पुन्हा वापरीत असल्यास चकती आधीच चेपलेली असते. त्यास एक-द्वादशांश फेरा पुरतो. १० मिलिमीटरच्या बारीक प्लगास सुमारे १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क द्यावा.

५. साखळी, आणि तिच्या मागोमाग ब्रेक

साखळी अगदी ताठ असावी, हा समज चुकीचा आहे. मागचे चाक खाली-वर होते ते एका सांध्याभोवती. पुढचे दातेरी चाक त्या सांध्याच्या नेमक्या केंद्रावर नसते. म्हणून चाक वर-खाली होताना दोन्ही दातेरी चाकांमधील अंतर बदलते. सांधा, मागचा आस आणि पुढचे दातेरी चाक एका रेषेत आले की साखळी सर्वांत ताणली जाते. त्या वेळेसाठी ढील राखून ठेवावी लागते. पुष्कळ गाड्यांत ही ढील २० ते ३० मिलिमीटर सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घ्यावा. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही, यास्तव चाक फिरवून चारपाच जागी मोजावे व सर्वांत घट्ट जागी योग्य ढील ठेवावी. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असल्या पाहिजेत, नाही तर चाक तिरपे बसते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ह्यानंतर येते. साखळी ताणण्यासाठी चाक मागे सरकविले, की मागच्या ड्रम ब्रेकची दांडीही ताणली जाते आणि पायट्याची मोकळी चाल कमी होते. कधी कधी ब्रेक सतत लागून राहतो, तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. म्हणून साखळीनंतर ब्रेक जुळविणे, आसाचा नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळणे, आणि जेथे स्प्लिट पिन असेल तेथे ती नवी घालून तिची टोके वळविणे, ही तीन कामे केल्याविना गाडी रस्त्यावर नेऊ नये. हा क्रम चुकला तर धोका केवळ यंत्राला नाही, माणसाच्या जिवाला असतो.

६. मर्यादा आणि जबाबदारी

प्रत्येक काम घरी करावयाचे नसते. डिस्क ब्रेकच्या तेलाची नळी उघडणे, चाकाचे आरे जुळविणे, इंजिनाचा अंतर्भाग खोलणे, ही शिकलेल्या कारागिराची कामे होत. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर इंधन फवारणारी विद्युत-नियंत्रित यंत्रणा सर्रास आली. तिचे दोष शोधण्यास निराळे उपकरण लागते.

दुसरी जबाबदारी शेजाऱ्याविषयी आहे. तिरुप्पनंदाळच्या परिसरातील कालवे भातशेतीस पाणी पुरवितात. इंजिनातून काढलेले काळे तेल अशा पाण्यात ओतले, तर त्याचा तवंग दूरवर पसरतो व त्यातील धातूंचे कण जमिनीत उतरतात. ते डब्यात बंद करून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

आरंभीच्या संग्रहात पुढील हत्यारे असावीत: गाडीच्या मापाचे रिंग पाने व उघडे पाने, प्लगचा पाना, योग्य खाचेचे दोन-तीन स्क्रू-ड्रायव्हर, फटी मोजण्याच्या पात्यांचा संच, हवेचा दाबमापक, ताठ केसांचा ब्रश, आणि गाडीची पुस्तिका. पुस्तिका हेही एक हत्यारच आहे, आणि ते सर्वांत आधी हाती घ्यावे.

प्रश्न व प्रयोग

१. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर १०० न्यूटन बल लावल्यास टॉर्क किती होईल?
२. एक नट घेऊन त्यावर अचूक मापाचा व एक माप मोठा असे दोन पाने आळीपाळीने बसवा. प्रत्येक वेळी पाना नटास कोठे टेकतो, ते उजेडासमोर धरून पाहा.
३. साखळी ताणल्यावर मागचा ब्रेक पुन्हा का जुळवावा लागतो, ते आकृती काढून स्पष्ट करा.