अदृश्य सेवक

मोठ्या कार्यालयात दूरध्वनीची घंटा खणखणू लागते. ज्याच्याकरिता ती वाजत असते, तो गृहस्थ दुसऱ्याच खोलीत सहकाऱ्याशी बोलत असतो. घंटा वाजून वाजून थांबते. ह्या नित्याच्या अडचणीवर इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८९ ते १९९२ ह्या काळात एक उपाय शोधून काढला.

त्यांनी सदऱ्यावर लावण्याजोगा एक लहानसा बिल्ला तयार केला. दर १५ सेकंदांनी तो अवरक्त किरणांच्या द्वारे आपला संकेतांक पाठवी. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत व भिंतीतून पलीकडे जात नाहीत. त्यामुळे ज्या खोलीतील ग्राहक यंत्राला संकेत मिळे, त्याच खोलीत तो मनुष्य आहे असे समजे. ही माहिती तारांवाटे संगणकाकडे जाई आणि दूरध्वनी त्या मनुष्याच्या जवळच्या यंत्राकडे वळविता येई. बिल्ला अंधाऱ्या खणात ठेवला, की त्याचे संकेत आपोआप विरळ होत व विद्युत्घटाची शक्ती वाचे.

त्याच सुमारास अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मार्क वायझर हे शास्त्रज्ञ ह्याच दिशेने विचार करीत होते. सायकल चालविणाऱ्याचे लक्ष रस्त्याकडे असते, साखळीकडे नसते. संगणकही असाच नकळत कामी यावा, असे त्यांनी १९९१ सालच्या एका लेखात मांडले. आपण कोणत्या खोलीत आहोत एवढे जरी संगणकाला कळले, तरी त्याला आपले वर्तन प्रसंगानुरूप बदलता येईल, हेही त्यांनी दाखवून दिले.

परंतु धन्याची गरज ओळखणाऱ्या सेवकाला धन्याची गुपितेही कळतात. जो बिल्ला दूरध्वनी पोचवी, तोच मनुष्याच्या येण्याजाण्याची वार्ताही देई. हा धोका वायझर ह्यांनी त्याच लेखात बोलून दाखविला होता. बिल्ला निदान काढून खणात ठेवता येत असे. भिंतीत बसविलेले यंत्र तसे काढून ठेवता येत नाही. म्हणून सेवक अदृश्य असला, तरी त्याला दूर सारण्याचा अधिकार धन्याच्या हाती राहिला पाहिजे.

स्वाध्याय

१. बिल्ल्यासाठी अवरक्त किरण का उपयोगी पडले?
२. सायकलीच्या उदाहरणातून कोणता विचार स्पष्ट होतो?
३. ‘सेवक’ व ‘धनी’ हे शब्द पाठात कोणाला उद्देशून आले आहेत?