खाणार असशील तर पाहून खा

सातपाटी

चि. मानसी,


तुझं पत्र दोनदा वाचलं. डब्यातल्या सुकटीच्या वासावरून वसतिगृहात बोलणी खावी लागली आणि तेव्हापासून ‘मासे खाणं पाप आहे का’ हा प्रश्न पाठ सोडत नाही, असं लिहिलंस. कुणी नाक मुरडलं म्हणून ताटातली मासळी टाकू नकोस. त्यांच्या घरी खात नसतील, पण त्यावरून तुला कमी लेखायचा हक्क त्यांना मिळत नाही. प्रश्न मात्र खरा आहे, तो झटकू नकोस.

मासा जाळ्यात तडफडून मरतो. त्याला काही कळत नाही, असं म्हणून आपली सुटका नाही. आपण जीव घेऊन जगतो, हे कोळ्याच्या घरात जन्मलेल्याने तरी उघड मानावं. हे सोसलं नाही म्हणून उद्या तू मासे सोडलेस, तर मला आदरच वाटेल. पण खाणार असशील तर काय खातेस ते पाहून खा.

पापलेटचंच घे. 2023 मध्ये ते राज्य मासा ठरलं. त्याच वर्षी शासनाने 54 जातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं. पापलेटचं 135 मिलिमीटर. वीतभरसुद्धा नाही! तरी त्याहून लहान पापलेटं बाजारात दिसतात. एकदाही अंडी न घातलेली ही पिल्लं बारीक आसाच्या जाळ्यात सापडतात आणि वाटा स्वस्त मिळतो म्हणून गिऱ्हाईक ती उचलतं. पुढच्या वर्षी पापलेट कुठून येणार?

दोष एकट्या नाखव्याला देऊ नकोस. डिझेल, बर्फ, खलाशांचे पैसे डोक्यावर असताना जाळ्यात आलेलं कोण परत टाकील? आणि टाकलं तरी ते बहुधा मेलेलंच असतं. म्हणून जाळ्याचा आसच मोठा हवा आणि बारकी मासळी विकत घेणारं कुणी नको.

मैत्रीण मासे सोडून चिकन खाते म्हणतेस. बारीक मासळी दळून कोंबड्यांच्या खाद्यातही जाते, आणि ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची होताच कापतात. हे तिला सांग, पण भांडू नकोस.

1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक होड्या बंद असतात. त्या दिवसांत कुणी ताजं पापलेट पुढे केलं, तर कुठून आणलं ते विचार. तुझी आजी उन्हाळ्यातच सोडे आणि सुके बोंबील भरून ठेवायची. पावसाळ्यात ओल्या मासळीचा हट्ट चालायचा नाही.

राहता राहिला डबा. सुकट तुझी असली तरी खोली तिघींची आहे. गच्चीवर बसून खा, त्यात कमीपणा नाही. काट्याशिवाय ताटात काही उरू देऊ नकोस.

मामी सोडे निवडतेय. शनिवारी कुणी पुण्याला निघालं, तर त्याच्याबरोबर पाठवतो.

तुझा
मामा