रामपिथेकसच्या जबड्याची हकीगत

'मनुष्य माकडापासून झाला' हें वाक्य आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेलें आहे. परंतु शास्त्र असें म्हणत नाहीं. मनुष्य आणि आज हयात असलेले चिंपांझी, गोरिला इत्यादि कपि हे एकाच लुप्त पूर्वजाचे वंशज होत, एवढेंच त्याचें म्हणणें आहे. नातें आजा-नातवाचें नसून चुलत भावंडांचें आहे. मात्र या भावंडांच्या वाटा केव्हां फुटल्या, हें ठरवितांना विद्वानांची एकदां मोठी फसगत झाली. त्या फसगतीचा आरंभ हिंदुस्थानांतच झाला असल्यामुळें ती हकीगत वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

हिमालयाच्या पायथ्याशीं शिवालिक टेंकड्यांची रांग पसरलेली आहे. डोंगरांतून उतरणाऱ्या नद्यांनीं लाखों वर्षें आणून टाकलेल्या गाळाच्या थरांची ती बनलेली आहे. अशा गाळांत पुरलेल्या हाडांत खनिज द्रव्यें शिरून त्यांचा हळूहळू दगड होतो. त्यासच जीवाश्म म्हणतात. हत्ती, जिराफ, हरणें यांचे जीवाश्म तेथें विपुल मिळतात. कपींचे मात्र थोडे, आणि तेहि बहुधा दांत व जबड्यांचे तुकडे. कारण दांताइतका कठीण भाग शरीरांत दुसरा नाहीं. १९१० सालीं पिलग्रिम या भूगर्भशास्त्रज्ञानें अशा अवशेषांवरून एका कपीस 'शिवपिथेकस' असें नांव दिलें. पिथेकस म्हणजे ग्रीक भाषेंत वानर.

पुढें १९३२ सालीं येल विद्यापीठाचा लूइस नांवाचा तरुण अमेरिकन विद्यार्थी, हल्लीं हिमाचल प्रदेशांत असलेल्या हरितल्यांगर गांवाजवळ शोध करीत असतां त्यास वरच्या जबड्याचा एक तुकडा सांपडला. १९३४ सालीं त्यानें त्याचें नांव ठेविलें 'रामपिथेकस'! रामायण ऐकत वाढलेल्या आमच्या बालवाचकांस या नांवाची गंमत वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आतां आपली जीभ आपल्या वरच्या दांतांवरून एकदां फिरवून पाहा. मनुष्याच्या दांतांची रांग कमानीसारखी बाहेर पसरत जाते. मोठ्या कपींच्या दाढांच्या दोन्ही रांगा जवळजवळ समांतर असतात. १९६० नंतर सायमन्स व पिल्बीम या विद्वानांनीं रामपिथेकसच्या जबड्यास मनुष्यासारखी कमान होती, असें प्रतिपादिलें. सुळा लहान, दाढांवरील लुकण जाड, हींहि प्रमाणें पुढें आलीं. झालें! सुमारें १ कोटि ४० लाख वर्षांपूर्वींच मनुष्याची शाखा निराळी झाली होती, असें पाठ्यपुस्तकांतून छापलें जाऊं लागलें. परंतु त्या तुकड्यांत जबड्याचा मधला भाग नव्हताच! फुटक्या बांगडीचा एक तुकडा हातीं घेऊन सबंध बांगडीचा घेर सांगावा, तसा तो प्रकार होता.

या मतास पहिला धक्का हाडांकडून नव्हे, तर रक्ताकडून बसला. १९६७ सालीं सॅरिच व विल्सन यांनीं मनुष्य आणि कपि यांच्या रक्तांतील अल्ब्युमिन नामक प्रथिनाची तुलना केली. असे फरक कालमानानें सांचत जातात, या तत्त्वावर हिशेब करून त्यांनीं सांगितलें कीं, मनुष्य व आफ्रिकेंतील कपि विभक्त होऊन सुमारें ५० लाख वर्षेंच झालीं आहेत. जीवाश्मांच्या अभ्यासकांपैकीं बहुतेकांस तें पटलें नाहीं. दगडांत प्रत्यक्ष दिसणारा दांत खरा, कीं परीक्षानळींतलें गणित खरें, हा वाद दहा वर्षांहून अधिक काळ चालला.

शेवटीं निकाल पुन्हां शिवालिकांच्याच थरांनीं दिला. पाकिस्तानांतील पोतवार पठारावर पिल्बीम यांच्याच मंडळीस शिवपिथेकसच्या चेहऱ्याचा बराच मोठा भाग मिळाला. त्याचें वर्णन १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. डोळ्यांच्या खोबणी उभट, त्यांमधील अंतर अरुंद, चेहरा खोलगट! हें रूप मनुष्याचें नव्हे. सुमात्रा व बोर्निओ येथील ओरांगउटांगाचें आहे. रामपिथेकस हा निराळा प्राणी नसून शिवपिथेकसच होय, आणि त्याचे लहान जबडे बहुधा माद्यांचे असावेत, असें ठरून तें नांव मागें पडलें. आपलें मत चुकलें हें पिल्बीम यांनीं स्वतः मान्य केलें. या साऱ्या हकीगतींत आम्हांस हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते; कारण वीस वर्षें मांडलेला सिद्धांत स्वहस्तें मोडणें सोपें नसतें.

तेव्हांपासून मनुष्यशाखेचा उगम आफ्रिकेंत शोधला जात आहे. २००१ सालीं चाड देशांत मिळालेली कवटी सुमारें ७० लाख वर्षांपूर्वींची आहे. तरी शिवपिथेकसचें कोडें सर्वस्वीं सुटलें असें नाहीं. १९९० सालीं पोतवारच्या त्याच्या दंडाच्या हाडांचें वर्णन आलें, आणि तीं हाडें ओरांगउटांगाच्या हाडांशीं जुळेनात! चेहरा एकाचा आणि दंड दुसऱ्याच घाटाचा, अशा या प्राण्याचें वंशवृक्षांतील नेमकें स्थान कोणतें, यावर अभ्यासक अद्यापि वाद घालीत आहेत.